निळ्या पेटीतले माजघर

भाऊबीजेला पाहुणे आले म्हणजे पूर्वी पहिला प्रश्न असे, "प्रवास कसा झाला?" हल्ली चपला काढता काढताच विचारतात, "वायफायचा पासवर्ड काय?" यात कोणाचा दोष नाही. ज्याच्या त्याच्या खिशात एकेक जग आहे आणि त्या जगाची तहान भागवायची तर यजमानाच्या विहिरीत पोहरा सोडावाच लागतो. मी हसून पासवर्ड सांगतो. सांगतो तो मात्र ओटीवरचा, माजघराचा नव्हे.

एकाच पेटीत ओटी आणि माजघर अशी दोन दालने कशी नांदतात, आणि त्या पेटीची किल्ली मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका शाळामास्तराच्या हाती कशी आली, याची हकिकत आज सांगायची आहे. तिच्यात माझा भाग थोडा आहे, जगाचा पुष्कळ.

माझे बालपण आजोबांच्या वाड्यात गेले. दिंडीतून आत शिरले की पडवी, मग चौक, मग ओटी, तिच्यामागे माजघर आणि अगदी आत देवघर. वाटसरूला पडवीत गूळपाणी मिळे, व्यवहाराला आलेला माणूस ओटीवर बसे आणि जिव्हाळ्याचे तेवढे माजघरात येत. त्या जुन्या भिंतींतल्या काही अन्यायाच्या होत्या, हे मी विसरलेलो नाही; त्या पडल्या हे फार चांगले झाले. पण काही भिंती निव्वळ मायेच्या होत्या. बाळंतिणीची खोली, आजारी माणसाची खोली, कोणाचे रडणे कोणाला दिसू नये म्हणून ओढून घेतलेले दार! अशी भिंत कोणाला हाकलून देण्यासाठी नसते. आतल्याची अब्रू राखण्यासाठी असते. हा फरक मला उमगला तो वाड्यात नव्हे, तर पुढे पुष्कळ वर्षांनी, एका बारा वर्षांच्या मुलासमोर मान खाली घालावी लागली तेव्हा.

गोष्ट २०११ सालची. मी गावातल्या एका लहान शाळेत शिकवत होतो आणि संध्याकाळी घरच्या पडवीत मुलांची अभ्यासिका चालवत होतो. एका दुकानदाराने काढून टाकलेले दोन संगणक मिळाले होते, ते पडवीत मांडले होते. माझा लिहिण्याचा संगणक आत, माजघरात. तिन्ही यंत्रांच्या तारा एकाच पेटीत जात आणि त्या पेटीतून इंटरनेट येई. पडवीतल्या मुलांना कधी काही छापून हवे असे, म्हणून मी माझ्या संगणकावरचा एक कप्पा सर्वांना खुला करून ठेवला होता. तो खुला आहे हे पुढे विसरूनही गेलो.

लेखकाला एक वाईट खोड असते. दिसेल ते टिपून ठेवण्याची. मी मुलांविषयीच्या नोंदी ठेवत असे. काही शिक्षक म्हणून, काही, खरे सांगायचे तर, पुढच्या कादंबरीसाठी. त्या नोंदी त्याच कप्प्यात होत्या. एके दिवशी सातवीतला एक मुलगा मोठ्या भावाचा लॅपटॉप घेऊन आला आणि त्याने पडवीतली तार त्याला जोडली. तासाभराने तो माजघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"सर, तुमची वही माझ्या पडद्यावर दिसते आहे."

"कसली वही?"

"तुम्ही आमच्याविषयी लिहिलेली." तो थांबला. मग म्हणाला, "मी माझेच पान वाचले. दुसऱ्या कोणाचे नाही. मी डबा आणत नाही हे खरे आहे, सर. पण ते बाकीच्यांना दिसेल."

त्या पानावर त्याच्या वडिलांची गेलेली नोकरी होती, घरातले कर्ज होते आणि 'हा मुलगा डबा आणत नाही. विचारू नये' असे एक वाक्य होते. विचारू नये म्हणून मी लिहिले होते, आणि साऱ्या पडवीला वाचता येईल असे ठेवले होते!

तो कप्पा मी त्या क्षणीच बंद केला. पण ही झाली दाराची कडी. आज घातली, उद्या विसरली. पुण्याला संगणकाच्या धंद्यात असलेल्या माझ्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, कडीवर कशाला विसंबता? मधे भिंतच घाला. मी एक जुनी पेटी आणतो." पुढच्या रविवारी तो आला आणि त्याने टेबलावर एक निळी-काळी पेटी ठेवली. पाठीवर दोन शिंगांसारख्या दोन अँटेना. आमच्या घरात शिरण्यापूर्वीच ती पेटी इतिहासात शिरली होती, हे मला मागाहून कळले.

* * *

इतिहासाच्या मास्तराने गोष्ट मुळापासून सांगावी. संगणकांना एका तारेने जोडण्याची आजची रीत कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात जन्मली. २२ मे १९७३ रोजी रॉबर्ट मेटकाफ यांनी एका टिपणात 'इथरनेट' हे नाव मांडले आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ते जाळे उभे केले. त्याची रचना म्हणजे वाड्याचा चौकच. एकच जाड तार, सारे संगणक तिलाच चिकटलेले. चौकात कोणी हाक मारली, "बंडू, जेवायला ये," म्हणजे ऐकते सारे वाडाभर, पण उठतो फक्त बंडू. तसेच येथेही. प्रत्येक निरोप सर्वांच्या कानी पडे आणि ज्याच्या नावाचा असेल त्यानेच तो घ्यावा असा शिष्टाचार होता. दहा-वीस बिऱ्हाडांना हे ठीक. दोनशे बिऱ्हाडांच्या चौकात मात्र नुसता गलका होणार.

गलका कमी करण्यासाठी स्विच नावाचे यंत्र आले. कोणते घर कोणत्या तारेच्या टोकाला आहे हे ते आपले आपण शिकते आणि चांगल्या पोस्टमनप्रमाणे पत्र त्याच दारात टाकते. अनेक तोंडांचा पहिला इथरनेट स्विच १९९० साली बाजारात आणला तो एका अमेरिकन कंपनीने, आणि तिचे नाव होते 'कल्पना'! तिच्या संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे. त्या पहिल्या स्विचला सात तोंडे होती. पुढे १९९४ साली सिस्को या बलाढ्य कंपनीने 'कल्पना' विकत घेतली.

स्विचमुळे खाजगी पत्रे खाजगी झाली, पण दवंडी उरलीच. "अमुक पत्ता कोणाचा?" "माझ्याकडे खुला कप्पा आहे हो!" असे पुकारे संगणक सतत करीत असतात आणि स्विच ते इमानाने सर्व दारांत पोहोचवतो. माझ्या संगणकाने माजघरातून अशीच दवंडी पिटली होती आणि ती पडवीत ऐकू गेली होती. मुलाने डोकावून पाहिले नव्हते; माझे घरच ओरडून सांगत होते.

या दवंडीला बांध घालणारी युक्ती जन्मली ती मात्र दुसऱ्याच कामासाठी. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या बेलकोर या टेलिफोनविषयक संशोधनसंस्थेत डेव्हिड सिंकोस्की हे गृहस्थ इथरनेटवरून टेलिफोनचे संभाषण न्यावे या विचारात होते. साऱ्या शहराचे बोलणे वाहायचे तर एक इथरनेट पुरणार नाही. अनेक जोडावी लागणार. पण जोडणीच्या तेव्हाच्या पद्धतीत सर्व वाहतूक एकाच झाडाच्या बुंध्यातून जाई आणि बुंध्याशी कोंडी होई. सिंकोस्कींनी विचार केला, की एकाऐवजी अनेक झाडे मानावीत आणि प्रत्येक पाकिटावर एक खूण लावावी. समजा, हे तांबडे, हे हिरवे, हे निळे. ज्या रंगाचे पाकीट त्या झाडावरून जाईल. १९८८ साली चेस कॉटन यांच्यासह त्यांनी हा विचार निबंधरूपाने प्रसिद्ध केला.

गंमत अशी, की कोंडी फोडण्यासाठी लावलेली खूण भिंतीच्या कामी आली. तांबडे पाकीट हिरव्या झाडावर जातच नसेल तर तांबडी दवंडीही हिरव्यांना ऐकू येणार नाही. तार तीच, स्विच तोच, पण आत दोन वेगळी घरे! यालाच 'व्हर्च्युअल लॅन' किंवा थोडक्यात 'व्हीलॅन' म्हणतात. आपण त्याला आभासी जाळे म्हणू. प्रथम प्रत्येक कंपनीने आपापली खूण काढली. मग १९९८ साली विद्युत-अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने '८०२.१ क्यू' नावाचा नियम करून सर्वांची खूण एक केली. पाकिटाच्या माथ्यावर चार बाइटांचा शिक्का. त्यातले बारा बिट घराच्या क्रमांकासाठी. बारा बिटांत ४,०९६ आकडे मावतात. त्यांतला पहिला आणि शेवटचा राखीव. म्हणजे एका तारेवर ४,०९४ घरे. माझ्या आजोबांच्या साऱ्या गावातही इतकी नव्हती.

* * *

आता आमच्या निळ्या पेटीकडे येऊ. लिंक्सिस या कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये 'डब्ल्यूआरटी ५४ जी' या नावाचा राउटर विकायला काढला. घरगुती माणसाने घ्यावा, टेबलावर ठेवावा, तार जोडावी आणि विसरून जावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. पाठीला पाच खाचा. एक इंटरनेटची आणि चार घरातल्या यंत्रांसाठी.

पण पोटात पाहावे तर या मालिकेतल्या बहुतेक पेट्यांत पाचही खाचा एकाच स्विचवर असत! मग इंटरनेट आणि घर एकमेकांत मिसळत कसे नसे? तर तेथे आधीच भिंत होती. घराच्या चार खाचा एका आभासी जाळ्यात, इंटरनेटची खाच दुसऱ्यात, आणि स्विचचे सहावे, बाहेरून न दिसणारे तोंड दोहोंत सामाईक. ते पेटीच्या मेंदूकडे, म्हणजे प्रोसेसरकडे जाते. ज्या युक्तीसाठी मोठ्या कचेऱ्या महागडी यंत्रे घेत, ती या घरगुती पेटीत पहिल्या दिवसापासून होती. फक्त मालकाला तिला हात लावता येत नव्हता. कंपनीने दिलेल्या पडद्यावर त्या भिंतीचा उल्लेखच नसे. घर तुमचे, भिंती तुमच्या, पण त्यांचा नकाशा बिल्डरच्या कपाटात!

तो नकाशा बाहेर कसा आला, हा या इतिहासाचा खरा मर्मभाग आहे. आणि त्यासाठी आपल्या स्वयंपाकघरातल्या विरजणाची आठवण करावी लागेल. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणले, दही लावले. ते दही आपले. खावे, वाढावे, हवे तर विकावे. पण उद्या कोणी आपल्या दारी वाटी घेऊन आले तर नाही म्हणायचे नाही. हा अलिखित नियम रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनी लेखी केला. १९८०च्या सुमारास एमआयटीतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत छपाईचे एक नवे यंत्र आले होते. त्याचा कागद अडकला की सर्वांना सूचना मिळावी अशी सुधारणा त्यांना करायची होती, पण यंत्राच्या आज्ञावलीची मूळ संहिता देण्यास नकार मिळाला. त्या नकाराची सल त्यांच्या मनात राहिली. १९८३ साली त्यांनी मुक्त आज्ञावलींची चळवळ जाहीर केली आणि १९८९ साली 'जीपीएल' नावाचा परवाना लिहिला. त्याचा अर्थ थोडक्यात असा: ही आज्ञावली घ्या, बदला, विकासुद्धा, पण ज्याला ती द्याल त्याला मूळ संहिताही द्या. फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्झ यांनी १९९१ साली लिहिलेले लिनक्स पुढच्या वर्षी याच परवान्याखाली आले.

आणि लिंक्सिसच्या त्या पेटीत दही लागले होते ते याच विरजणाने. २००३च्या जूनमध्ये काही चौकस मंडळींनी ओळखले, की पेटीच्या पोटातला कायमचा हुकूमनामा, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो लिनक्सचा आहे. मग मूळ संहिता कोठे आहे? त्याच सुमारास लिंक्सिस ही सिस्कोच्या मालकीची झाली होती. विचारणा होऊ लागली, चर्चा वाढली आणि त्याच वर्षीच्या जुलैत संहिता सर्वांसाठी खुली करण्यात आली. परवान्यातल्या एका वाक्याने एवढ्या मोठ्या कंपनीच्या कपाटाचे दार उघडले.

मग जे झाले त्याला उधाण हाच शब्द योग्य. जानेवारी २००४ मध्ये 'ओपन-डब्ल्यूआरटी' हा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या नावात त्या पेटीचेच नाव आहे. पुढच्याच वर्षी जर्मनीतून 'डीडी-डब्ल्यूआरटी' आला. 'डीडी' ही ड्रेस्डेन शहराच्या मोटारींच्या पाट्यांवरची अक्षरे. पाठोपाठ 'टोमॅटो' नावाचे सुटसुटीत फर्मवेअर आले. या हुकूमनाम्यांत घरमालकाला भिंतींचा नकाशा हातात मिळाला. कोणती खाच कोणत्या जाळ्यात, कोणत्या पाकिटावर कोणता शिक्का, पाहुण्यांसाठी कोणती खोली, हे सारे ज्याचे त्याने ठरवावे.

कंपनीनेही एक चाल खेळून पाहिली. २००५ साली पाचवी आवृत्ती आली. तिच्यातून लिनक्स काढले होते आणि कायमची स्मृती चार मेगाबाइटवरून दोनवर, कामाची सोळावरून आठवर आणली होती. पण जुन्या पेटीला मागणी इतकी, की लिनक्सवाली पेटी 'डब्ल्यूआरटी ५४ जीएल' या नावाने वेगळी विकावी लागली. तिच्यातला 'एल' लिनक्सचा. ती २०१६ सालीही विकली जात होती! भाच्याने माझ्या टेबलावर ठेवली ती हीच.

* * *

"मामा, आता हुकूमनामा बदलायचा," भाचा म्हणाला, "पण तीन-चार मिनिटे वीज जाता कामा नये. मधेच गेली तर पेटीची वीट होते." पंढरीच्या विठोबाला विटेचे कौतुक असेल, आम्हाला ती परवडणारी नव्हती. तेव्हा आमच्याकडे भारनियमन होते. वेळापत्रक पाहून, वीज नुकतीच आलेली असताना आम्ही डीडी-डब्ल्यूआरटी पेटीत चढवले. दिवे लुकलुकले, विझले आणि पुन्हा लागले. आम्ही दोघांनी श्वास सोडला. संध्याकाळच्या गाडीने भाचा पुण्याला गेला आणि जाताना दोन ओळी कागदावर लिहून देऊन गेला.

त्या दोन ओळी म्हणजे भिंतींचा नकाशा. घराच्या जाळ्यात ३, २, १, ० आणि ५; इंटरनेटच्या जाळ्यात ४ आणि ५. यातला ५ म्हणजे मेंदूकडचे आतले तोंड. मला करायचे होते एवढेच, की पडवीची तार असलेली खाच घराच्या जाळ्यातून काढून तिसऱ्या, नव्या जाळ्यात घालायची. पडवीची तार होती पाठीवर '४' असे छापलेल्या खाचेत. मी सरळ नव्या जाळ्यासाठी ४ आणि ५ असे लिहिले, पेटी बंद करून चालू केली आणि विजयी मुद्रेने उठलो.

साऱ्या घराचे इंटरनेट गेले. आतून सौ.चा आवाज आला, "अहो, भिंत पडवीला घालणार होता ना? मग आम्हीच कसे बाहेर राहिलो?"

पुन्हा खटपट केली. या खेपेस घराच्या जाळ्यातला ३ काढून पाहिला, आणि ज्या तारेवरून पेटीला हुकूम देत होतो तीच तार मेली. स्वतःला बाहेर ठेवून आतून कडी घालावी तसे झाले. शेवटी पाठीवरचे बारीक बटण टाचणीने अर्धा मिनिट दाबून धरले, तेव्हा पेटी सगळे विसरली आणि पहिल्यासारखी झाली.

तेवढ्यात तो मुलगा आला. त्या दिवसानंतर तो चार दिवस अभ्यासिकेत आला नव्हता. दारातच घुटमळत होता. मी त्याला आत बोलावले, माजघरातच, आणि दोन ओळींचा कागद दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, माझा हजेरी क्रमांक एकतीस आहे, पण मी दुसऱ्या बाकावर बसतो. बाहेरचा आकडा आणि आतला आकडा एकच, असे कोणी सांगितले?"

कोणीही सांगितले नव्हते! आम्ही एकेक आकडा काढून, कोणती तार मरते ते पाहून यादी केली. पाठीवरच्या १, २, ३, ४ या खाचा आत अनुक्रमे ३, २, १, ० होत्या. आतला ४ म्हणजे इंटरनेट. मी इंटरनेटचीच तार उचलून पडवीच्या खोलीत नेऊन ठेवली होती. मग घराकडे ३, २, १, ५. इंटरनेटकडे ४, ५. आणि पडवीकडे ०, ५ असे लिहिले. पडवीला पत्त्यांची वेगळी मालिका दिली. घराचे पत्ते १९२.१६८.१ पासून, पडवीचे १९२.१६८.२ पासून.

एवढ्याने काम संपले नाही. प्रोसेसर हा दोन्ही खोल्यांत वावर असलेला घरगडी. त्याला बजावले नाही तर पडवीतली चिठ्ठी तो भोळेपणाने माजघरात नेऊन देऊ शकतो. भिंत असूनही नसल्यासारखी. म्हणून त्याला दोन नियम घालून दिले: पडवीतून इंटरनेटकडे जाऊ द्यावे, पडवीतून माजघराकडे जाऊ देऊ नये. मुलाने भावाचा लॅपटॉप जोडून पाहिले. माझ्या संगणकाचे नाव नव्हते. पत्ता देऊन शोधले, तरी उत्तर नाही. "आता दिसत नाही, सर," तो म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी हसला.

छपाईचे यंत्र मी पडवीतच नेऊन ठेवले. ती वही संगणकावरून पुसून टाकली. कादंबरीही सोडून दिली, ते बरेच झाले. आणि सौ.ने, मी काही न सांगता, संध्याकाळी सहाला पडवीतल्या सगळ्याच मुलांना वाटीभर उसळ द्यायला सुरुवात केली. सगळ्यांना, म्हणजे कोणा एकाला असे नको. ती भिंत माझ्या भिंतीपेक्षा अधिक चांगली बांधलेली होती.

* * *

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. किल्ली एकदा मिळाली म्हणून कायमची राहते असे नाही. डिसेंबर २००८ मध्ये स्टॉलमन यांच्या मुक्त आज्ञावली प्रतिष्ठानाला याच लिंक्सिसच्या मालावरून सिस्कोविरुद्ध न्यायालयात जावे लागले. मे २००९ मध्ये तडजोड झाली आणि परवान्याचे पालन पाहणारा अधिकारी नेमण्याचे सिस्कोने मान्य केले. पुढे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने रेडिओलहरींच्या शिस्तीसाठी नियम कडक केले, तेव्हा काही कंपन्यांनी पेट्यांना कुलपेच ठोकली. २०१६ साली टीपी-लिंक कंपनीने आयोगाशी केलेल्या समझोत्यात दोन लाख डॉलर दंड भरला, पण बाहेरच्या फर्मवेअरला वाट मोकळी ठेवण्याचेही कबूल केले. ओपन-डब्ल्यूआरटीच्या मंडळींतही २०१६ साली भाऊबंदकी होऊन दोन चुली झाल्या. २०१८च्या आरंभी त्या पुन्हा एक झाल्या. २०२१च्या आवृत्तीपासून त्यांनी भिंती घालण्याची रीत सुधारली. त्यामुळे जेथे ती लागू आहे अशा पेट्यांत प्रत्येक खाच आता आपल्या नावाने दिसते आणि माझ्यासारख्याची आतल्या-बाहेरच्या आकड्यांची फजिती टळते. २०२४ साली तर या प्रकल्पाने स्वतःच्या नावाची पेटीच काढली.

माझी निळी पेटी आता कपाटात आहे. तिच्या चार मेगाबाइटांत आजचे ओपन-डब्ल्यूआरटी मावत नाही, आणि जुन्या हुकूमनाम्यावर विसंबणे म्हणजे गंजलेल्या कुलपावर विसंबणे. नव्या पेट्यांत पाहुण्यांचे जाळे एका बटणासरशी मिळते, कंपनीच्या फर्मवेअरमध्येसुद्धा. ही सोय चांगलीच आहे. पण बटणामागे भिंत कोठे आहे आणि तिची किल्ली कोणाकडे आहे, हे घरच्या एका तरी माणसाला ठाऊक असावे. आभासी भिंत म्हणजे तिजोरी नव्हे. तिच्या मागे काय ठेवायचे आणि काय मुळी लिहूनच ठेवायचे नाही, हा विवेक कोणत्याही फर्मवेअरमध्ये येत नाही.

दोन ओळींचा तो कागद मात्र मी जपून ठेवला आहे. त्याच्या खाली त्या मुलाच्या अक्षरात तिसरी ओळ आहे: 'पडवी – ०, ५'. नंतर अभ्यासिकेत आलेल्या प्रत्येक तुकडीला मी तो दाखवला आणि ज्याला हवी त्याला नक्कल करू दिली. विरजणाचा नियम मास्तरांनाही लागू आहे.

तेव्हा वाचकहो, यंदा भाऊबीजेला आमच्याकडे आलात तर चपला काढता काढता खुशाल पासवर्ड विचारा. ओटीवरचा मिळेल. माजघरात यायचे असेल, तर फराळाला आत यावे लागेल. तेथे पासवर्ड लागत नाही.